बाविसावा तेरावा

टीव्ही लागला नाही म्हणून आमच्याकडे तेरावा दिवस संपला नाही. आज त्याच दिवसाची बाविसावी खेप आहे.

मोजण्यात चूक नाही. मी फरश्यांवरून मोजते. पुढच्या खोलीत तात्यांच्या खुर्चीपासून दारापर्यंत बारा फरश्या होत्या. अकरा वर्षं मी त्या पुसल्या आहेत, मला कुणी शिकवू नये. तेराव्याचं गोड जेवण झालं, टीव्ही लागला नाही, चार वाजून दहा मिनिटं झाली आणि परत सकाळ झाली. मधे रात्र नाही. त्या सकाळी फरश्या तेरा होत्या. आज तेहतीस आहेत. नव्या फरश्या जुन्यांसारख्याच आहेत, पिवळट, काळ्या ठिपक्यांच्या. फक्त त्यांच्यावर चहाचे डाग नाहीत.

पद्धत सांगते. घरात माणूस गेलं की आम्ही टीव्ही झाकतो. धुतलेला पंचा टाकतो त्याच्यावर. बारा दिवस कुणी हात लावायचा नाही. तेराव्याला गोड जेवण झालं की घरच्या कर्त्या पुरुषानं पंचा काढायचा आणि टीव्ही लावायचा. काय लागेल ते लागेल. बातम्या लागू देत, नाहीतर मलमाची जाहिरात. तो आवाज घरातून फिरला की सुतक फिटलं. मग पाहुण्यांनी पिशव्या उचलायच्या, चपला शोधायच्या आणि 'येतो' न म्हणता निघायचं.

हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, मलाही कळतं. पण आई गेली तेव्हा तात्यांनी असं केलं होतं, आणि आमच्या घरात तात्यांनी एकदा केलं की ती पद्धत झाली.

कर्ता पुरुष म्हणजे माझा भाऊ दिगंबर. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. पुण्याला असतो. वर्षातून दोनदा यायचा, तात्यांना विचारायचा, "कसं काय?" तात्या म्हणायचे, "बरंय." या एवढ्या बोलण्यावर तो कर्ता झाला. तात्यांची डावी बाजू गेली त्याला अकरा वर्षं झाली. उठवणं, पुसणं, भरवणं, हगवणं, सगळं मी केलं. पण मी कर्ती नव्हे. मी घरातच होते.

पहिल्या तेराव्याला दिगूनं पंचा काढला, घडी करून खांद्यावर टाकला आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. खालचा लाल दिवासुद्धा लागला नाही.

"सेल गेले असतील," नानाकाका म्हणाले. हे तात्यांचे धाकटे भाऊ. यांना प्रत्येक गोष्टीत सेल गेलेले दिसतात.

आमच्या रिमोटला अजून दुकानातलंच प्लास्टिक आहे. दिगूनं ते मागून सरकवलं, सेल अंगठ्यानं फिरवले. मग काढून तळहातावर चोळले. नानाकाकांनी एक दातांनी चावून बघितला. खिडकीत उन्हात ठेवले. नवे आणले. मग प्लग काढून घातला. त्याच प्लगात इस्त्री लावून बघितली, इस्त्री तापली. इंदूआत्या म्हणाली, "एक ठेवून दे की त्याला बाजूनं. आमचा असाच सुरू व्हायचा." दिगूनं हात उगारला, पण टीव्ही चपटा, भिंतीला चिकटलेला. मारायचं कुठं? तो हात तसाच वर धरून उभा राहिला. चार वाजून दहा झाले.

दुसऱ्या खेपेला हेच झालं. तिसऱ्या खेपेलाही.

इंदूआत्याचं धुतलेलं लुगडं दोरीवर आहे, ते बावीस दिवस ओलं आहे. श्रीखंडाचं पातेलं सकाळी काठोकाठ असतं. अकरा माणसं जेवतात. कुणाला कंटाळा आलेला नाही. मी वाढते.

तुम्ही म्हणाल, मग निघून जायचं. दाराकडं नुसतं चालत गेलं तर पोचता येतं, दूध घेता येतं, कडी लावता येते. पण निघायचं मनात असलं, हातात पिशवी असली की दार तेवढंच लांब राहतं. पाऊल टाकलं की पुढं एक फरशी येते. नानाकाका एकदा कापडी पिशवी घेऊन तासभर चालले. आम्ही सतरंजीवर बसून त्यांची पाठ बघत होतो. मग ते परत आले आणि म्हणाले, "थोडं पाणी दे गं हेमा."

माझी पिशवी दहाव्या दिवसापासून भरलेली आहे. निळी, चेनची. तिच्यात चार साड्या, दोन पातळ चादरी आणि एक पत्र आहे. रत्नागिरीत मुलींचं वसतिगृह आहे, तिथं माझी रेक्टर म्हणून नेमणूक झाली आहे. राहायला खोली आहे. खोलीला आतून कडी आहे, हे मी मुलाखतीच्या वेळी जाऊन बघून आले. त्रेचाळिसाव्या वर्षी मला आतून कडी लावता येणार आहे. पत्रात लिहिलं आहे, तीस तारखेपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजावी.

आमच्या घरातल्या सगळ्या घड्याळांत आणि फोनांत सात तारीख आहे.

सातव्या खेपेला मी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला. दिगू म्हणाला, "ताई, तू नको, मी बोलतो." मी म्हटलं, "तू लहानपणापासून बोलतोयस, गप बस."

फोनवर एक बाई होती. आवाज गोड, मधे श्वासच न घेणारा.

"मॅडम, मेन स्विच बंद करा. टीव्हीच्या खालचं बटण तीस सेकंद दाबून धरा."

धरलं.

"काही झालं?"

"अंगठा दुखला."

"मॅडम, टीव्हीसमोर रोज कोण बसतं?"

"आमचे वडील."

"त्यांना बसायला सांगा."

"ते गेले."

"मग आता कोण बसतं?"

"कुणी नाही."

"मॅडम, समोर ठरलेलं माणूस नसेल तर सेट सुरू होणार नाही. हा बिघाड नाही. तशी नोंद झालेली आहे."

"कुणी केली नोंद?"

"तुमच्याच घरून झाली आहे मॅडम. आणखी काही मदत करू?"

मी फोन आपटला. तो सतरंजीवर पडला म्हणून फुटला नाही. आमच्याकडं रागानं टाकलेली वस्तूसुद्धा मऊ जागेवर पडते.

त्यानंतरच्या खेपांना एकेक जण खुर्चीत बसून बघू लागला. खुर्ची लाकडी, रुंद हातांची. हातांवरचं पॉलिश तात्यांच्या कोपरांनी गेलेलं. दिगू बसला, त्याची बायको प्रज्ञा बसली, नानाकाका बसले, इंदूआत्या देवाचं नाव घेत बसली. टीव्ही काळाच. मला कुणी म्हणालं नाही बस म्हणून. तेव्हा मला ते बरं वाटलं. मला वाटलं, माझा मान ठेवतायत. एवढी मूर्ख बाई तुम्ही बघितली नसेल.

मी त्या खुर्चीत कधी बसले नाही. माझी जागा तिच्या मागं, उजव्या हाताला. तात्यांच्या बोटांना रिमोटचं बटण दाबवत नव्हतं, म्हणून ते मला सांगायचे. "हेमा, वर." मी वरचं चॅनल लावायची. "हेमा, खाली." "हेमा, आवाज." स्वयंपाकघरातनं पिठाच्या हातानं यायचं, रिमोट उचलायचा, दाबायचा, परत जायचं. नंतर नंतर माझा अंगठा पोळपाटापाशीच हलायचा. आवाज मी मनात ऐकायची. अकरा वर्षांत त्या टीव्हीवर मी एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघितली नाही.

बाविसाव्या तेराव्याला, म्हणजे आज, शब्बीर मुल्ला आला.

शब्बीरचं दुकान बाजारपेठेत आहे, तात्यांचा पहिला डब्याएवढा टीव्हीही त्याच्याच वडिलांनी दुरुस्त केलेला. तो हत्यारांची पिशवी घेऊन दारातनं सरळ आत आला. आत येताना पिशवीचा त्रास होत नाही.

"आज जमलं ताई," तो म्हणाला. "तुमचा फोन तीन आठवड्यांपूर्वीचा. म्हटलं, सुतकाचं घर, मधे कशाला जा."

"आज काय तारीख आहे शब्बीर?"

"अठ्ठावीस की."

नानाकाका हसले. "सात आहे बाबा. आज तेरावा आहे आमच्या दादांचा."

शब्बीरनं त्यांच्याकडं बघितलं, मग लांबलेल्या फरश्यांकडं बघितलं आणि पिशवी उघडायला बसला. चांगला कारागीर दुसऱ्याच्या घरात आधी गप्प बसतो.

मी घड्याळ बघितलं. सव्वातीन. रत्नागिरीची गाडी सव्वापाचला असते. आज निघाले तर उद्या एकोणतीसला सकाळी मी वसतिगृहाच्या दारात. आज नाही तर उद्याची एक खेप. मग संपलं.

"बघ लवकर," मी म्हणाले.

त्यानं टेस्टर प्लगाला लावला, दिवा लागला. वायरीच्या टोकाला लावला, लागला. टीव्ही भिंतीवरून उतरवला, सतरंजीवर पालथा घातला, स्क्रू काढून वाटीत ठेवले. मागचं झाकण उघडलं. आत धूळ आणि पालीचं एक वाळलेलं अंडं.

"जळलंय काही?" दिगूनं विचारलं.

"काही नाही. बोर्ड चांगला, सप्लाय चांगला. साहेब, हा टीव्ही बिघडलेलाच नाही."

"मग लागत का नाही?" दिगू ओरडला. "लोकांना कामं नाहीत? माझी मीटिंग आहे!"

बावीस खेपा त्याची मीटिंग आहे.

शब्बीरनं झाकण लावलं, टीव्ही परत भिंतीला टांगला, प्लग घातला. मग खिशातनं टॉर्च काढली. "एक शेवटचं बघू. कधीकधी आत चित्र असतं, पण मागचा उजेड गेलेला असतो. मग पडदा काळा दिसतो. बॅटरी तिरकी धरली की चित्र दिसतं. पडदे ओढा जरा."

प्रज्ञानं पडदे ओढले. शब्बीरनं टॉर्च काचेला टेकवून तिरकी धरली. उजेडाचा एक ताटाएवढा गोल पडला आणि त्या गोलात चित्र होतं. फिकट, राखाडी, पण होतं.

"बघा," तो म्हणाला. "चालू आहे की."

चित्रात आमचा नदीचा घाट होता. दहाव्याचा दिवस. मी तो ओळखला, पण बघितला नव्हता. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. पिंड मांडलेले होते. कावळा समोरच्या भिंतीवर बसलेला होता आणि शिवत नव्हता. टॉर्च जरा सरकली तसे माणसांचे चेहरे दिसले, नानाकाका, त्यांचे दोन्ही जावई, मामा, शेजारचे. सगळे हात जोडून काहीतरी बोलत होते. तेवढं मला माहीत होतं. कावळा शिवेना की गेलेल्याची इच्छा राहिलीय असं समजतात, आणि एकेक जण शब्द देतो. नातवाला शिकवतो. विहिरीचं काम पुरं करतो. दिगू घरी आल्यावर म्हणाला होता, दोन तास लागले, शेवटी शिवला.

काय बोलल्यावर शिवला, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं. नानाकाका म्हणाले होते, "शिवला ना, झालं."

चित्रात दिगू पुढं झाला. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग वाकला आणि एक वाक्य बोलला. कावळा लगेच उडाला आणि पिंडावर बसला.

"आवाज नाही याला?" मी विचारलं.

"बॅटरीत आवाज नसतो ताई."

मी वळले. खोलीत अकरा माणसं होती आणि बावीस डोळे फरशीवर होते.

"दिगू, काय बोललास?"

"ताई, तेव्हा ऊन किती होतं..."

"काय बोललास?"

"दोन तास झाले होते! सगळे ताटकळलेले. काकांची शुगर. मी म्हटलं बघू, याने शिवतोय का..."

"नानाकाका, तुम्ही बोला. नाहीतर आज मी श्रीखंडात रॉकेल ओतीन. बावीस खेपा मी वाढलंय, एकदा ओतायला मला काही वाटणार नाही."

नानाकाकांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "तो म्हणाला, तात्या, ताई तुमची जागा सोडणार नाही."

दिगू चष्मा पुसायला लागला.

"माझ्या नावानं?"

"चांगल्या मनानं बोलला गं तो," इंदूआत्या म्हणाली. "घर उघडं पडंल, दिवा कोण लावंल, असं वाटलं आसंल लेकराला."

"लेकरू सदतीस वर्षांचं आहे आत्या. त्याला चष्मा आहे."

"ताई, तुला कुठं जायचंय असं मला काय माहीत?" दिगू म्हणाला.

हे खोटं होतं. पत्र त्यानंच घेतलं होतं पोस्टमनकडनं. फोडलेलं पाकीट मला देताना म्हणाला होता, "चुकून उघडलं." प्रज्ञा त्याच्याकडं बघत होती. तिला हेही माहीत होतं. सतरा माणसं घाटावर होती. सतरा माणसांना माहीत होतं आणि त्यांतली जी घरात होती ती माझ्या हातचं खात होती.

मी तात्यांना बोलले नाही. गेलेल्या माणसाला काय बोलणार? पण एवढं सांगते, कावळा आधीच्या एकाही वचनाला हलला नव्हता. नातवाच्या शिक्षणाला नाही, विहिरीला नाही. तात्यांना काय हवं होतं ते तात्यांनाच बरोबर माहीत होतं.

शब्बीर टॉर्च बंद करायला विसरला होता. तो म्हणाला, "ताई, एक बघू का?" त्यानं टेस्टर घेतला आणि खुर्चीच्या हाताला लावला. लाकडाला. टेस्टरचा दिवा लागला. असा लागला की त्याचा चेहरा लाल दिसला.

"करंट इथं येतोय," तो म्हणाला.

"म्हणजे बसलं की लागेल," दिगू म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. "ताई, बघ ना. दोन मिनिटं. टीव्ही लागला की उठायचं. सगळ्यांची सुटका होईल."

"बस की गं हेमा," नानाकाका.

"बस बये. बसल्यानं काय झिजतीस का?" इंदूआत्या.

"ताई, प्लीज," प्रज्ञा म्हणाली. "मुलांच्या परीक्षा आहेत."

मी एक बोट खुर्चीच्या हातावर ठेवलं. नुसतं टोक. टीव्हीखालचा लाल दिवा लागला. बावीस खेपांत पहिल्यांदा. सगळे "लागला, लागला" म्हणून उठले, जावई पिशव्या शोधू लागले. मी बोट काढायला गेले तर ते निघेना. लाकूड गरम होतं, तात्यांच्या कोपराएवढं गरम. मी दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं. बोट सुटलं, पण टोकाची कातडी लाकडावरच राहिली. दिवा विझला. सगळे खाली बसले.

"कातडी सोलली माझी," मी बोट दाखवलं.

"हळद लाव," इंदूआत्या म्हणाली.

पावणेचार झाले होते. फरश्या चौतीस झाल्या होत्या. खेप संपायच्या आधी फरशी वाढल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

"शब्द मागं घे," मी दिगूला म्हणाले. "चल वर गच्चीवर. कावळा तिथं टीव्हीच्या छत्रीवर बसलेला असतो. मी रोज वाळवण राखताना बघते. तोच आहे. त्याला सांग, मी बोललो ते चुकलं."

"ताई, कावळ्याला दिलेला शब्द परत घेता येतो होय? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हे? यांना लुगडं वाळत नाही ते कळत नाही!"

"मी नाही येणार," दिगू म्हणाला आणि मांडी घालून बसला. लहानपणी आंघोळीला नाही म्हणताना बसायचा तसा. तेव्हाही त्याला उचलून न्यायचं काम माझंच होतं.

मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यातला भात घेतला, मूठभर. जिना चढले. गच्चीवर ऊन होतं. टीव्हीची छत्री कोपऱ्यात आभाळाकडं तोंड करून होती आणि तिच्या कडेवर कावळा बसला होता. एक डोळा माझ्याकडं.

मी भाताचा गोळा कठड्यावर ठेवला.

"हे बघ," मी म्हणाले. "त्यानं दिलेला शब्द माझा नाही. मी तिथं नव्हते. मला तिथं येऊ देत नाहीत. जिला येऊ देत नाहीत तिच्या नावानं तुम्ही शब्द घेता कसे? विचारायची पद्धत आहे का नाही? अकरा वर्षं मी केलं. मी मोठी झाले नाही, म्हातारी झाले, सरळ. माझं लग्न मोडलं तेव्हा हा खुर्चीतला माणूस टीव्हीचा आवाज वाढव म्हणाला होता. मी वाढवला. आता मी जाणार. तू हा भात खा आणि मला सोड."

कावळ्यानं मान तिरकी केली. भाताकडं बघितलंसुद्धा नाही.

मी त्याला वसतिगृहाचं सांगितलं, कडीचं सांगितलं. तात्यांचं वर्षश्राद्ध दरवर्षी येऊन घालीन म्हणाले. फोटो बरोबर नेईन म्हणाले. मग मी त्याला शिव्या दिल्या. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या, आणि काही तिथंच तयार केल्या. भाताला मुंग्या लागल्या. खाली खोलीतलं घड्याळ मला गच्चीवर ऐकू येत होतं. चार वाजले.

पुढचं मी रागाच्या भरात, विचार न करता केलं असं म्हटलं तर तुम्ही मला माफ कराल. पण ते खोटं ठरेल. मी जिन्यातच विचार केला होता. भात घेतला तेव्हाच केला होता. दिगूला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, त्याच्या गोवरात पंधरा दिवस जागले आहे, आणि तरीही मी विचार केला होता.

मी हात जोडले आणि वाकले.

"तात्या," मी म्हणाले. "दिगू तुमची जागा सोडणार नाही."

कावळा तेवढ्यात आला. माझ्या कपाळाला त्याच्या पंखांचा वारा लागला. त्यानं अख्खा गोळा चोचीत धरला, मुंग्यांसकट, आणि गेला.

मी जिना उतरले. खालून आवाज येत होता. चूर्णाची जाहिरात, पोट साफ, मन साफ. बावीस खेपांनंतर तो आवाज घरातून फिरत होता, देवघरातून, मोरीतून, माळ्यावरून. दोरीवरचं लुगडं खाड्कन वाळलं, फडफडलं. मी पुढच्या खोलीत आले. टीव्ही लागला होता, लख्ख. दिगू खुर्चीत बसला होता.

"तू कधी बसलास?" मी विचारलं.

"मी नाही बसलो," तो म्हणाला. "मी मांडी घालून होतो. ताई, मला उठता येत नाही."

त्याची कोपरं खुर्चीच्या हातांवरच्या पांढऱ्या जागांवर बरोबर बसली होती. प्रज्ञा त्याच्या काखेत हात घालून ओढत होती. "ताई, काय केलंत तुम्ही? काय बोललात वर?"

"तो जे बोलला तेच."

"मागं घ्या! आत्ताच्या आत्ता जा आणि मागं घ्या!"

"कावळ्याला दिलेला शब्द परत घेता येत नाही," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणत नव्हते. लोक पिशव्या उचलत होते. नानाकाकांनी टोपी घातली, दिगूच्या खांद्यावर थोपटलं आणि चपला शोधायला लागले. जावई दाराबाहेर गेलेसुद्धा. इंदूआत्यानं लुगड्याची घडी केली. जाताना कुणी 'येतो' म्हणालं नाही. दिगू मान वळवून प्रत्येकाकडं बघत होता, पण मान खांद्यापुढं वळत नव्हती. त्याची डावी बाजू मला जरा लोंबलेली वाटली. मी नीट बघितलं नाही.

शब्बीरनं स्क्रूची रिकामी वाटी मला परत दिली. "माझ्यानं काही झालं नाही ताई," तो म्हणाला आणि गेला.

घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. माझ्या फोनवर अठ्ठावीस तारीख आली.

मी निळी पिशवी घेतली. पत्र बघितलं, होतं. खुर्चीपासून दारापर्यंत फरश्या मोजल्या, बारा. जुन्याच, डागांच्या. प्रज्ञा खुर्चीपाशी खाली बसून रडत होती. तिला मी काही बोलले नाही. तिनं अकरा वर्षांत मला कधी काही विचारलं नव्हतं.

"ताई," दिगू म्हणाला. "तू नको ना जाऊ. निदान आजचा दिवस."

पहिली फरशी. दुसरी. पिशवी हातात होती आणि दार जवळ येत होतं. तिसरीवर तात्यांच्या काठीचा घासलेला चरा आहे. पाचवीवर चहा सांडलेला, दिगूच्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळचा.

"ताई, रिमोट चालत नाही. ताई, माझ्या बोटांना दाबवत नाही."

आठवी. नववी. बाहेरच्या उन्हाची कड दहाव्या फरशीवर आली होती. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मागं जाहिराती संपल्या, काहीतरी सुरू झालं, हळू आवाजात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी महत्त्वाचं सांगत होतं. अकरावी. बारावी. मी उजवा पाय उंबऱ्याबाहेर ठेवला. फरशी नाही, माती. गरम.

"हेमा," खुर्चीतून आवाज आला. त्यात ताई नव्हतं. "हेमा, आवाज."

मी वळले नाही. मी डावा पाय उचलला. पिशवीच्या बंदावर माझा उजवा अंगठा सोललेल्या बोटाशेजारी होता. तो एकदा दाबला गेला, मग परत, मग परत, आणि माझ्या मागं टीव्हीचा आवाज एकेक घर वाढत गेला.